सिंगर, मु. पो. कोल्हापूर

शिवणाचं मशीन म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं, त्यातलं हिच्यात फारसं काही सापडत नाही. कापड पसरायला टेबल नाही, बसकी ऐसपैस बैठक नाही. ओतीव लोखंडाच्या पायांवर ती उभी असते आणि तिचा एक लांब, सडपातळ हात समोर निघालेला असतो. हाताच्या टोकाला अंगठा टेकेल एवढी जागा, तिथं सुई पडायचं भोक, आणि त्या भोकाखाली तिचा सगळा संसार. घरच्या मशीनपाशी कापड न्यावं लागतं. ही स्वतः कामाच्या पोटात शिरते. बुटाच्या चवड्यापर्यंत जाते, बॅगेच्या आतल्या खिशात जाते, जिथं माणसाची दोन बोटंही धड जात नाहीत तिथं जाऊन टाका घालून येते.

कंपनीच्या कागदावर तिचं नाव ‘२९ के’. बाजारात पॅचिंगची मशीन. जुनी माणसं नुसतं ‘सिंगर’ म्हणतात, जणू सिंगरनं दुसरं काही केलंच नाही.

कोल्हापुरात शिवाजी चौकातून पापाच्या तिकटीच्या दिशेनं निघालं की चप्पल लाइन लागते. दुकानांच्या तोंडाशी कापशी, पुकरी, कानाच्या चपला ओळीनं टांगलेल्या. पण या थाटात हिला मान नाही. अस्सल कोल्हापुरी हातानं शिवतात. आरीनं भोक पाडायचं, त्यातून चामड्याची वादी ओढायची, खिळा कुठं लावायचा नाही. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, तेही हातानं घडवलेल्या चपलेलाच. सिंगरची पाळी त्यानंतर येते. चप्पल वापरून झाली, पट्टा सुटला, बॅगेचा बंद तुटला, रिक्षाची सीट उसवली, दप्तराची कड गेली, की मग हिची आठवण. म्हणून ती शोरूममध्ये दिसत नाही. गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली, पत्र्याच्या टपरीत दिसते. नवं घडवणाऱ्यांच्या गावात ही मोडलेलं निस्तरायला बसलेली आहे.

स्वभावानं ती हट्टी आहे, पण तिच्या प्रत्येक हट्टाला कारण आहे. साध्या मशीनमध्ये कापड पुढं सरकवणारे दात खालच्या बाजूला असतात. हिच्या हाताच्या टोकात त्यांना जागाच नाही. म्हणून ते काम वरच्या दाबाच्या पायाकडं. हा दातेरी पाय वरून कातडं धरतो, एक पाऊल ओढतो, उचलतो, मागं जाऊन पुन्हा धरतो. आणखी गंमत म्हणजे तो सुईभोवती पूर्ण ३६० अंशांत फिरतो. बुटाच्या चवड्याशी वळण आलं तर बूट फिरवता येत नाही, मग पायच फिरवायचा. शिवणारा एका हातानं चाकाची मूठ फिरवतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी डोक्यावरची कडी वळवतो. टाका जिकडं हवा तिकडं वळतो, आणि बूट आहे तिथंच राहतो.

दोरा ओवणं हा वेगळाच सोहळा. वरून सुईपर्यंत उघडी वाट नाही. दाबाचा दांडा आतून पोकळ असतो आणि दोरा त्या पोकळीतून खाली उतरवावा लागतो. त्यासाठी टोकाला खाच असलेली एक लांब तार लागते. ती मूळची तार आजवर कुणाकडंच टिकलेली नसते. तिच्या जागी मोटरसायकलच्या क्लच वायरमधली एक तार सोलून, टोक वाकवून, मशीनच्याच पायाला दोऱ्यानं बांधून ठेवलेली असते. बॉबिन एवढीशी की मोठ्या बॅगेची एक कड पुरी होईतो संपते. टोक बारीक ठेवायचं तर बॉबिन लहानच राहणार. इथं सगळं एका हिशेबात बसवलेलं आहे: हात जितका बारीक, तितकी आत शिरायची मुभा जास्त आणि बाकीची सोय कमी.

नावातला ‘के’ तिचं माहेर सांगतो. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावातला किलबोवीचा कारखाना. तो १८८०च्या दशकात उभा राहिला आणि १९१३ साली, एका वर्षात, तिथून तेरा लाखांवर मशिनी बाहेर पडल्या. कारखान्याच्या मनोऱ्यावर चारी बाजूंना तोंड असलेलं अवाढव्य घड्याळ होतं. मार्च १९४१मध्ये जर्मन विमानांनी क्लाइडबँक भाजून काढलं, कारखान्याची लाकडाची वखार जळाली, तरी काम पुन्हा सुरू झालं. १९६३ साली मनोरा पाडला. १९८० साली कारखान्याला कायमचं कुलूप लागलं. आता तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव तेवढं ‘सिंगर’ उरलं आहे. म्हणजे गेली चाळीसहून जास्त वर्षं हिला माहेर नाही. जे काय सोसायचं, दुरुस्त करून घ्यायचं, ते सासरीच.

सासर तसं बरं मिळालं. सिंगर कंपनीनं जगभर मशिनी खपवल्या त्या हप्त्यांवर. एकरकमी पैसे मोजायची ताकद नसलेल्या शिंप्या-चांभारांच्या दारी त्या अशाच आल्या. गांधीजी तुरुंगात मशीनवर शिवायला शिकले होते. यंत्रांना त्यांचा विरोध होता हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण १९२४ साली या विषयावर बोलताना सिंगरच्या मशीनला त्यांनी अपवाद केला. बायकोचे हातशिलाईचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं हे केलं, असं ते म्हणाले. खऱ्या आयझॅक सिंगरचे संसार एकाहून जास्त आणि मुलं विसाहून अधिक, त्यामुळं ही प्रेमकथा तितकी सरळ नव्हती. तरी गांधीजींची कसोटी पक्की होती. यंत्र माणसाच्या हाताला हात लावतं, की हातालाच घरी बसवतं? पॅचिंगची मशीन त्या कसोटीला आजही उतरते. ती एका वेळी एका माणसाची, एका जागेची, आणि माणूस तिच्या पुढ्यात नसेल तर तिचं काहीच चालत नाही.

कोल्हापूरला यंत्र खोलून बघायची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा इथंच, स्वतःच्या हातानं घडवला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ आली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो त्याच गोष्टीचा. पुढं शेतीला पाणी उपसायची ऑइल इंजिनं आली, ती दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्र्यांनी ती बनवायलाच घेतली. म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरात अजून निघतं. आता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून मोटारींचं ओतकाम जातं, पण उद्यमनगरच्या गल्लीबोळांत अजून एक-एक लेथ घेऊन बसलेली माणसं आहेत, ज्यांच्यापुढं तुटका तुकडा ठेवला की ते ‘कशाचा आहे’ हे नंतर विचारतात, आधी मापाला व्हर्नियर लावतात. सिंगरसारख्या पोरक्या मशीनला जगायला अशीच गल्ली लागते.

म्हातारपणी तिला होतं काय, ते जवळून बघण्यासारखं आहे. मशीन आली की मिस्त्री ती लगेच खोलत नाही. रद्दी चामड्याचा तुकडा घेतो, टाका सर्वांत लांब ठेवतो आणि सरळ रेघ शिवतो. मग पाय पाव वळवून तीच रेघ, मग पुन्हा पाव वळवून. चारी दिशांना चार रेघा. तुकडा उजेडाकडं धरतो आणि बोटाच्या पेरानं टाके मोजतो. धडधाकट मशीन इंचाला पाच-सहा टाके घालते. ही म्हातारी बारा-तेरा घालत असते.

“टाका लईच बारीक पडायलाय. ही शिवत न्हाई, नुसती भोकं पाडतीया.”

कापडाला बारीक टाका चालतो, उलट शोभतो. चामड्याला तो घातक. चामड्याची सुई टोकाला धार असलेली, ती तंतू बाजूला सारत नाही, कापत जाते. भोकं एकमेकांना खेटून पडली की त्या रांगेवरूनच पट्टा फाटतो. दुरुस्तीला आलेली चप्पल दुरुस्तीमुळंच जाते. आणि दोष सुईचा नसतो, दोऱ्याचा नसतो. पायाला पुढं ढकलणाऱ्या कॅमपासून त्या पायापर्यंत चार-पाच सांधे असतात. प्रत्येक सांधा वर्षानुवर्षं घासून केसभर ढिला होतो. चार ठिकाणची केसभर ढिलाई मिळून पावलाचा निम्मा पल्ला खाते. चाक तेवढंच फिरतं, आवाज तोच, फक्त चालणं आखूड होतं.

दुसरा आजार टोकाला. हाताच्या आतून एक दातेरी पट्टी मागं-पुढं होते, ती टोकातल्या लहानशा पिनियनला फिरवते आणि पिनियन खालचा दोरा धरणाऱ्या शटलला. सुई खाली जाऊन किंचित वर आली की दोऱ्याचा फास सुटतो, नेमक्या त्या क्षणी शटलची चोच त्यात घुसली पाहिजे. दाते झिजले की चोच उशिरा पोचते. फास निसटतो, टाका सुटतो. शिवणारा दोऱ्याला शिव्या देतो, सुई बदलतो, ताण कसतो. मिस्त्री मात्र शटल चिमटीत धरून डावी-उजवीकडं हलवतो आणि किती हलतंय ते बघून सांगतो की पट्टी गेलीय की पिनियन, की दोन्ही.

जाम झालेली मशीन आली तर पहिला नियम, चाकावर जोर करायचा नाही. जुनं तेल वाळून लाखेसारखं चिकट झालेलं असतं, त्यावर जोर केला तर दाताच तुटतो. प्रत्येक तेलाच्या भोकात पातळ तेल सोडायचं आणि दुसऱ्या दिवसावर टाकायचं. पूर्वी रॉकेलमध्ये भिजवायचे. आता रॉकेल मिळणं मुश्कील, मग डिझेल. शिकाऊ पोराला धीर नसतो. तो पान्याची लांबी वाढवायला पाइप शोधायला लागतो.

“पाइप ठेव खाली. रातभर तेल पिऊ दे तिला, सकाळी आपोआप बोलंल.”

खरी कसोटी स्क्रूपाशी लागते. सिंगरच्या स्क्रूचे आटे सिंगरचे स्वतःचे. बाजारातला कुठलाच स्क्रू त्यात धड बसत नाही. एक हरवला की दोन वाटा असतात. एक सोपी: भोकात नवा टॅप मारा, मोठे आटे पाडा, बाजारातला स्क्रू ठोकून द्या. अर्ध्या तासाचं काम, आणि नव्वद वर्षांच्या भोकाची कायमची वाट लागते, कारण पुढं खरा स्क्रू मिळाला तरी आता तो बसणार नाही. दुसरी वाट उद्यमनगरची: शेजारचा शाबूत स्क्रू नमुना म्हणून न्यायचा आणि लेथवर त्याच आट्यांचा नवा काढून घ्यायचा. पैसे जास्त, खेप वेगळी, गिऱ्हाईक तोवर दारात.

पार्टचं तेच. लुधियानाहून डुप्लिकेट पार्ट येतात, स्वस्त असतात, आणि सहसा जरा जाड असतात. तो बसत नाही म्हणून पोरगं कानस घेतं आणि मशीनच्या बॉडीला लावायला जातं. तिथं मिस्त्री त्याच्या मनगटावर चापट मारतो.

“नव्याला घास. जुन्याला कानस लावायची न्हाई.”

एवढ्या वाक्यात या धंद्याची सगळी नीती आली. नवा पार्ट बिघडला तर दुसरा मिळेल. जुन्या बॉडीतला घासून टाकलेला भाग परत येणार नाही, कारण तो ओतणारा कारखानाच उरलेला नाही. आपल्यानंतर येणाऱ्या मिस्त्रीला काम करता येईल असं आपलं काम हवं. झिजलेल्या कॅमवर ब्रेझिंगनं पितळ वितळवून भरतात आणि मग त्या भरावालाच कानसेनं आकार देतात, मूळ लोखंडाला हात न लावता. पितळ मऊ, ते लवकर झिजेल, पण झिजेल ते पितळच. पुढच्या खेपेला पुन्हा भरता येतं.

पाऊस हिचा वैरी. मृग लागला की चामड्याची चप्पल माळ्यावर जाते आणि चप्पल लाइनीत मंदी येते. सिंगर मात्र त्या दिवसांत दप्तरांवर, ताडपत्रीवर, रेनकोटवर जगते. हवेतलं पाणी लोखंडाला खातं, म्हणून या महिन्यांत दुकान बंद करताना चाकावरून तेलाचा बोळा फिरवतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ला मात्र बोळ्यानं भागलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, दोन्ही खेपेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सखल पेठांतली दुकानं बुडाली. ओतीव लोखंडाची मशीन एकट्याला उचलून माडीवर नेता येत नाही. पुरातून निघालेल्या मशीनला पाण्यापेक्षा गाळाची भीती जास्त. पंचगंगेचा गाळ बारीक, तो प्रत्येक सांध्यात बसतो आणि चाक एकदा फिरवलं की पॉलिश पेपरचं काम करतो. म्हणून घाबरून चाक फिरवून बघायचं नाही. आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, मग उन्हात नाहीतर हवेच्या झोतानं सुकवायचं, लगेच तेल पाजायचं, आणि मग खोलायचं. लोखंड पाण्याखाली असताना जेवढं गंजत नाही, तेवढं पाणी ओसरल्यावर ओल्या हवेत गंजतं. ज्यांनी पहिले दोन दिवस साधले त्यांच्या मशिनी वाचल्या.

परदेशात हौशी लोक जुन्या सिंगर मशिनी हुडकून आणतात, पार खोलतात, गंज उतरवतात, काळा रंग आणि सोनेरी नक्षी पुन्हा चढवतात. कारखान्याच्या दारातून निघाली त्या दिवशी ती जशी होती तशी तिला करायची, हे त्यांचं ध्येय. कोल्हापूरच्या मिस्त्रीचं ध्येय वेगळं: तिनं शेवटचा धड टाका घातला तो दिवस परत आणायचा. रंगाशी त्याला देणंघेणं नाही. मूठ धरून धरून चाकावरचा रंग गेलेला असतो, तिथलं लोखंड तळव्याच्या तेलानं चकाकतं आणि त्यामुळंच तिथं गंज चढत नाही.

मला मिस्त्रीची बाजू जास्त पटते, पण पूर्ण नाही. दसऱ्याआधी, खंडेनवमीच्या पूजेसाठी म्हणून, मालक घरात उरलेला हिरवा नाहीतर करडा ऑइल पेंट तिच्यावर फासतो, आणि त्याखाली नंबर बुजतो. तो नंबर हा तिचा जन्मदाखला आहे. त्यातल्या अक्षरावरून साल निघतं. वाय अक्षरानं सुरू होणारे क्लाइडबँकचे नंबर १९२० आणि ३०च्या दशकांतले. शिवायला हा दाखला लागत नाही, खरं आहे. पण पार्ट मागवताना, नमुना जुळवताना, ती कुठल्या घडणीची हे कळायला लागतो. तेवढ्या चार बोटं जागेवर रंग लावू नये, एवढंच मालकांना सांगणं आहे. झेंडू, हळदकुंकू खुशाल वाहावं. दुसऱ्या दिवशी तेलाच्या बोळ्यानं पुसावं, कारण ओली फुलंही लोखंडाला डाग देतात.

अलीकडं तिला वेगळीच मागणी येते. जुन्या मशीनचे ओतीव पाय कॅफेत टेबलाखाली छान दिसतात, वर काच टाकली की झालं. असा एक हौशी मिस्त्रीच्या दुकानात आलेला बघितला. त्याला सिंगर हवी होती, पायासकट, काळीभोर करून, सोन्याच्या अक्षरांसह. किमतीला तो का-कू करत नव्हता.

मिस्त्रीनं काम न थांबवता विचारलं, “काय शिवणार?”

शिवणार काहीच नव्हता. ठेवणार होता.

मिस्त्रीनं जरा विचार केला. त्यालाही पैशाची गरज होतीच. मशीनच्या बैठकीचे चार बोल्ट त्यानं पान्यानं सैल केले. “पाय घेऊन जावा. मुंडी ऱ्हाऊ दे हितं.” गिऱ्हाइकाला सौदा उलटा वाटला, पण मिस्त्रीचा हिशेब सरळ होता. हिच्या चाकाला मूठ असते, ती हातानंही चालते. पायाशिवाय, लाकडाच्या फळीवर बोल्टनं आवळली तरी ती पूर्वीसारखीच शिवते. पाय टेम्पोत चढले. मुंडी बाकावर गेली. कुणा टपरीवाल्यानं पॅचिंगच्या मशीनसाठी आधीच सांगून ठेवलं होतं, मिस्त्रीनं त्याला फोन लावला आणि म्हणाला, “आलीया. येताना जाड चामड्याचा तुकडा घेऊन ये. टाका तू स्वतः मोजून घे.”